नवे नाक आणि पाहणाऱ्यांचे डोळे

विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या तासाला काही चित्रे मुलांना दाखवावीत की नाही, असा प्रश्न शिक्षकाला कधी ना कधी पडतोच. भाजलेल्या माणसाचे चित्र पाहून वर्गातली काही मुले तोंड फिरवतात, काही उगाच हसतात, आणि एखादे मूल तास संपल्यावर हळूच पुस्तक पुन्हा उघडून तेच पान पाहत बसते. चित्र झाकून टाकणे सोपे असते. पण झाकलेल्या चित्राबरोबर त्यातले ज्ञानही झाकले जाते आणि माणूसही. या लेखात आपण चेहरा किंवा शरीर विद्रूप झालेल्या माणसांच्या काही चित्रांची हकिकत पाहू. ही चित्रे कोणी काढली, कोणी पाहिली, त्यातून काय साधले आणि चित्रातल्या माणसाचे पुढे काय झाले, असे चार प्रश्न मनात ठेवून वाचावे. यातल्या पहिल्या चित्राची सुरुवात पुण्याजवळ झाली, म्हणून तिथूनच निघू.

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्राखाली 'बी. एल.' एवढीच सही होती. सोबत एका माणसाचे कोरीव चित्र छापले होते. माणूस चित्रात सरळ आपल्याकडे पाहतो आहे. डोक्याला पागोटे, कपाळावर एक वण, आणि चेहऱ्याच्या मध्यभागी एक नाक. हे नाक त्याच्या जन्मापासूनचे नव्हते, आणि पत्र लिहिले गेले ते त्यासाठीच.

या माणसाचे नाव कावसजी असे दिले आहे. नाव पारशी वाटते, पण पत्रात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. कदाचित एखादे मराठी नाव इंग्रजी कानांतून जाताना असे झाले असावे. टिपू सुलतानाविरुद्ध १७९० ते १७९२ या काळात जे युद्ध झाले, त्यात मराठे, निजाम आणि इंग्रज एका बाजूला होते. कावसजी इंग्रज फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती, असे पत्र सांगते. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने वेल्स त्या काळात पुण्यात काम करत होता. चित्रकाराचे नाव आपल्याला माहीत आहे, साक्षीदारांची नावे माहीत आहेत, रुग्णाचेही नाव माहीत आहे. नाक बसवणाऱ्या कारागिराचे नाव मात्र पत्रात कुठेही नाही.

आपल्या भाषेत 'नाक कापले जाणे' याचा अर्थ अब्रू जाणे असा होतो. हा नुसता वाक्प्रचार नाही. शत्रूचे, चोराचे, व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीचे नाक कापण्याची शिक्षा या देशात खरोखरच दिली जात असे. जीव घ्यायचा नाही, पण जन्मभर माणसाने तोंड लपवत फिरावे, हा त्यामागचा हेतू. नाके कापली जात होती म्हणूनच नाके बसवण्याची विद्याही इथे टिकून राहिली. त्या विद्येचे मोल फार मोठे होते, पण तिची गरज ज्या क्रूरपणातून निर्माण झाली तोही आपलाच होता, हे मुलांना सांगताना गाळू नये असे आम्हाला वाटते.

पान आणि देठ

आता ही शस्त्रक्रिया कशी होत असे ते पाहू. पत्रातले वर्णन इतके नेमके आहे की त्यातले शरीरशास्त्र आजही त्यावरून शिकवता येईल.

प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून तिला नाकाचा आकार देत. मग ती सपाट करून कपाळावर ठेवत आणि तिच्या कडेने रेघ ओढत. पिंपळाच्या पानासारखा एक आकार तयार होई. या रेघेवरून कातडी कापून सोडवत, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद भाग न कापता ठेवत. पानाला देठ असावा तसा. नाकाच्या जुन्या जखमेची बरी झालेली कड पुन्हा खरवडून ताजी करत आणि तिथे खाच पाडत. मग कपाळाचे 'पान' देठावर अर्धे वळवून खाली आणत आणि त्याच्या कडा त्या खाचेत बसवत. टाके नाहीत. काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावत आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवत. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. नंतर पट्ट्या काढून तुपात बुडवलेले कापड ठेवायचे. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी तो देठ कापून टाकायचा.

हा देठच सगळ्या शस्त्रक्रियेचा प्राण आहे. कातडीचा वरचा थर रक्तवाहिन्यांवाचून असतो, त्याला अन्न मिळते ते खालच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्यांकडून. कातडीचा जाड तुकडा पूर्ण कापून दुसरीकडे ठेवला तर नव्या जागेच्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरेपर्यंत तो उपाशी राहतो आणि बहुधा मरतो. फार पातळ तुकडा असेल तर तो पहिले एक-दोन दिवस जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरू शकतो. नाकासाठी पातळ कातडी पुरत नाही, चांगली जाडच लागते. मग करायचे काय? तुकड्याला जुन्या घरून जेवण चालू ठेवायचे. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक धमनी वर कपाळात जाते. देठ बरोबर तिथे ठेवला की खाली वळवलेल्या कातडीला तिच्यातून रक्त मिळत राहते. दरम्यान नाकाच्या कडेने नव्या रक्तवाहिन्या जुळतात. मग देठाची गरज उरत नाही. आजही कपाळाच्या कातडीने नाक बांधताना शल्यविशारद हीच युक्ती वापरतात आणि साधारण तीन आठवड्यांनी देठ कापतात. पुण्याच्या कारागिराचा पंचविसावा दिवस त्याच्या किती जवळ आहे पहा. त्याला धमनीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पिढ्यानपिढ्यांच्या हाताला ते ठाऊक होते.

'अर्धे वळवून' हे शब्दही महत्त्वाचे आहेत. वर्गात जुन्या कापडावर चेहरा काढा. कपाळावर पानाचा आकार कापा, देठ तसाच ठेवा. आता पान सरळ खाली दुमडले तर कापडाची मागची बाजू वर येते, म्हणजे कातडीची आतली, ओली बाजू बाहेर येईल. देठाला पीळ देऊन पान फिरवले तर मात्र बाहेरची बाजू बाहेरच राहते. पीळ जास्त बसला तर देठातली रक्तवाहिनी आवळली जाईल. मग देठ किती लांब आणि किती रुंद हवा? पाच मिनिटांत मुले स्वतःच वाद घालू लागतील.

सुश्रुतसंहितेतही नाक बांधण्याचे वर्णन आहे, आणि अनेकदा ही दोन वर्णने एकच समजली जातात. तिथेही झाडाचे पान मापाला घेतले आहे आणि नाकपुड्यांत एरंडाच्या नळ्या बसवायला सांगितले आहे. पण कातडी घेतली आहे गालाची, कपाळाची नाही. म्हणजे मधल्या शतकांत केव्हातरी, कोणीतरी, गालाऐवजी कपाळ निवडले. कपाळाची कातडी नाकाच्या कातडीशी अधिक जुळते आणि तिचा रक्तपुरवठाही उत्तम असतो. हा बदल ग्रंथ लिहिणाऱ्यांनी केला की हातांनी काम करणाऱ्यांनी? आम्हाला दुसरी शक्यता अधिक वाटते.

कावसजीचे चित्र आणि ते पत्र लंडनच्या जोझेफ कार्प्यू या शल्यविशारदाच्या मनात रुतून बसले. त्याने आधी मृत शरीरांवर ही पद्धत करून पाहिली आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ती केली. भूल देण्याचा शोध अजून तीन दशके दूर होता. रुग्ण पूर्ण शुद्धीत होता. ही आणि अशीच दुसरी शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर कार्प्यूने १८१६ मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिथून ही रीत 'भारतीय पद्धत' या नावाने युरोपभर गेली. एका चित्राने एवढे साधले. ते चित्र कोणी 'पाहवत नाही' म्हणून छापलेच नसते तर?

आरसा नसलेली खोली

शंभर वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, विद्रूप झालेल्या चेहऱ्यांची संख्या एकदम हजारांवर गेली. कारण साधे होते. सैनिक खंदकात उभे असत. धड मातीच्या आड आणि डोके वर. फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे तुकडे चेहऱ्यावर येत. पूर्वी असा जखमी माणूस रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने मरे. आता लष्करी वैद्यक सुधारले होते, म्हणून तो जगे. जबडा, नाक, डोळा गमावून जगे.

न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हॅरल्ड गिलीज या कान-नाक-घशाच्या वैद्याने इंग्लंडमध्ये अशा रुग्णांसाठी आधी ऑल्डरशॉट इथे आणि १९१७ पासून सिडकप इथल्या क्वीन मेरी रुग्णालयात काम केले. सिडकपला ५,००० हून अधिक रुग्णांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यातली एक युक्ती आपल्या देठाशी थेट नाते सांगते. जटलंडच्या आरमारी लढाईत भाजलेल्या एका खलाशासाठी ऑक्टोबर १९१७ मध्ये गिलीज छातीची कातडी वर उचलत होता. देठाच्या लांब पट्ट्यांच्या कडा आपोआप आत वळत आहेत हे त्याच्या लक्षात आले. त्याने त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या. पट्टीची नळी झाली. उघडी जखम बंद झाल्याने जंतुसंसर्गाची भीती कमी झाली आणि नळीतून रक्त वाहत राहिले. ओडेसा इथे व्लादिमीर फिलाटोव्ह याने जवळजवळ त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच नळी शोधली होती. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या त्या काळात या नळीने किती चेहरे वाचवले याची कल्पना करावी. पण त्याची किंमतही होती. रुग्णाला गालापासून खांद्यापर्यंत लोंबणारी कातडीची नळी घेऊन आठवडेच्या आठवडे काढावे लागत, आणि एका चेहऱ्यासाठी अनेक शस्त्रक्रिया, अनेक वर्षे.

गिलीजबरोबर हेन्री टॉंक्स नावाचा एक चित्रकार होता. तो मुळात शल्यविशारद होता आणि वैद्यक सोडून चित्रकलेकडे वळला होता. ऑल्डरशॉटला आलेल्या सैनिकांचे चेहरे त्याने रंगीत खडूंनी काढले, शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे. छायाचित्रे होतीच, पण ती काळी-पांढरी असत. जखमेचा रंग, सूज, खोली ही खडूत अधिक कळे. यातली बरीच चित्रे आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहेत. ती पाहताना एक गोष्ट जाणवते. जखम अगदी तपशिलात काढली आहे, पण डोळे, केस, मानेचा बाकही तेवढ्याच काळजीने काढला आहे. हे जखमेचे चित्र नव्हे, माणसाचे आहे, हे चटकन कळते. खुद्द टॉंक्सला मात्र ही चित्रे लोकांना दाखवण्याजोगी नाहीत असे वाटे.

लोकांनाही ते चेहरे बघायचे नव्हते. रुग्णांच्या खोल्यांतून आरसे काढून टाकलेले असत. सिडकपला रुग्णालयाकडून गावात जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळ्या रंगाने रंगवले होते, असे सांगतात. निळ्या बाकावर बसलेला माणूस पाहून दचकायला होईल, ही गावकऱ्यांना आगाऊ सूचना. हेतू दयेचाच असेल. पण त्या बाकावर बसणाऱ्याला काय वाटत असेल?

ज्यांचा चेहरा शस्त्रक्रियेने सावरण्यापलीकडे होता त्यांच्यासाठी मुखवटे केले जात. लंडनमध्ये फ्रान्सिस डर्वेंट वुड आणि पॅरिसमध्ये ॲना कोलमन लॅड हे शिल्पकार हे काम करत. चेहऱ्याचा साचा घेऊन, जुन्या छायाचित्रावरून हरवलेला भाग घडवून, तांब्याच्या अतिशय पातळ पत्र्याचा मुखवटा करायचा आणि त्यावर त्या माणसाच्या कातडीचा रंग चढवायचा. काम अप्रतिम होते. पण मुखवटा हसत नाही, जेवताना हलत नाही आणि माणसाबरोबर म्हाताराही होत नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट २८ जून १९१९ रोजी व्हर्साय इथे घडली. तहावर सह्या व्हायच्या होत्या. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांनी चेहरा विद्रूप झालेल्या पाच सैनिकांना मुद्दाम बोलावून टेबलाजवळ उभे केले, म्हणजे जर्मन प्रतिनिधींना त्यांच्यासमोरून जावे लागेल. जागा होती आरसे महाल. ज्यांना रुग्णालयात आरसा दिला जात नसे, त्यांना युरोपातल्या सर्वांत प्रसिद्ध आरशांपुढे उभे केले गेले. त्या पाच जणांच्या छायाचित्राची टपालपत्रे फ्रान्सभर गेली. बर्लिनमध्ये एर्न्स्ट फ्रीड्रिख या शांततावाद्याने १९२४ मध्ये 'युद्धाविरुद्ध युद्ध' या अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले. त्यात चार भाषांतल्या मजकुरासह अशाच चेहऱ्यांची छायाचित्रे छापली. त्याने उभारलेले युद्धविरोधी संग्रहालय नाझींनी १९३३ मध्ये बंद केले. चित्रांची ताकद त्यांनाही कळली होती म्हणायची.

एकाने ही माणसे शत्रूला लाज वाटावी म्हणून उभी केली, दुसऱ्याने युद्धाची किळस यावी म्हणून छापली. फ्रीड्रिखच्या हेतूबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ज्याचा चेहरा पाहून जगाला किळस यावी अशी अपेक्षा आहे, त्याला त्याच चेहऱ्याने उद्या दुकानात जाऊन पाव आणायचा असतो. फ्रान्समधल्या अशा सैनिकांनी १९२१ मध्ये स्वतःची संघटना काढली. 'फुटकी तोंडे' असे लोक म्हणत, तेच नाव त्यांनी अभिमानाने घेतले आणि 'तरीही हसा' असे ब्रीद ठेवले. स्वतःसाठी घरे, पैसा, मान सगळे त्यांनी मागून घेतले. चित्र तेच, चेहरे तेच. फरक एवढाच की आता बोलणारे ते स्वतः होते.

गावावर उपचार

दुसऱ्या महायुद्धात जखमांचे स्वरूप बदलले. विमानाची टाकी पेटली की वैमानिकाचा चेहरा आणि हात काही सेकंदांत भाजून निघत. इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड या लहान गावच्या रुग्णालयात गिलीजचाच नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो अशा वैमानिकांवर उपचार करी. त्या काळी भाजलेल्या जागेवर टॅनिक आम्ल लावण्याची पद्धत होती. त्याने जखमेवर कडक पापुद्रा येई, पण बोटे वाकडी होत आणि पापण्या आकसून डोळे उघडे राहत. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात असे मॅकिंडोला दिसले. त्याने टॅनिक आम्ल बंद केले आणि मिठाच्या कोमट पाण्यात रुग्णाला बुडवून ठेवण्याची पद्धत सुरू केली. (पुण्याच्या कारागिराचा काथही त्याच कुळातला, तुरट. पण तो नव्या जोडावरच्या पट्ट्यांत वापरला होता, भाजलेल्या बोटांवर नव्हे. तेच द्रव्य एके ठिकाणी औषध आणि दुसरीकडे अपाय.)

मॅकिंडोचे दुसरे काम मात्र शल्यशास्त्राच्या पुस्तकात सहसा येत नाही. आपले रुग्ण गावात हिंडणारच, हे त्याने गृहीत धरले. त्यांना रुग्णालयाचे कपडे न देता गणवेश घालू दिला. गावकऱ्यांना आधीच सांगितले की ही मुले तुमच्या दुकानांत, चित्रपटगृहांत, घरी येतील. तोंड फिरवू नका, टक लावूनही पाहू नका, बोला. गावाने ते मनावर घेतले. लोक त्यांना घरी जेवायला बोलावत. निळे बाक इथे नव्हते. 'टक लावून न पाहणारे गाव' अशी ईस्ट ग्रिन्स्टेडची ओळख झाली.

या रुग्णांनी १९४१ मध्ये 'गिनीपिग क्लब' काढला. आपल्यावर नवे प्रयोग होतात म्हणून हे नाव. खजिनदार असा निवडला की ज्याचे पाय भाजलेले होते, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही. चिटणिसाची बोटे भाजलेली होती, म्हणजे इतिवृत्त लांबणार नाही. युद्ध संपेपर्यंत सभासद ६४९ झाले आणि त्यांचे मेळावे २००७ पर्यंत भरत राहिले. ही थट्टा बाहेरच्या कोणी केली असती तर क्रूर ठरली असती.

अशा माणसांच्या धैर्याचे कौतुक करताना आपण बरेचदा एक चूक करतो. धैर्य जणू त्यांच्या आत उपजतच होते असे मानतो. सिडकपचे सैनिक ईस्ट ग्रिन्स्टेडच्या वैमानिकांपेक्षा कमी धीराचे होते असे म्हणायला काहीच आधार नाही. एका गावाने त्यांच्यासाठी बाक रंगवले, दुसऱ्याने पाने मांडली.

चित्रातली मुलगी

आता एक चित्र असे की ते बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. व्हिएतनाममधल्या चांग बांग गावाजवळ ८ जून १९७२ रोजी दक्षिण व्हिएतनामच्या विमानांनी नापाम टाकले. नापाम म्हणजे घट्ट केलेले पेट्रोल. ते अंगाला चिकटून जळत राहते. नऊ वर्षांची फान थी किम फुक पेटलेले कपडे ओरबाडून काढून रस्त्यावरून धावत आली, तो क्षण कॅमेऱ्यात पकडला गेला. मुलगी नग्न आहे म्हणून चित्र पाठवावे की नाही यावर वृत्तसंस्थेत वाद झाला. शेवटी ते गेले, जगभर छापले गेले, १९७३ चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले. (चित्र निक उट यांनी काढले असे आजवर मानले गेले. याबद्दल २०२५ मध्ये शंका निघाली. वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने श्रेय स्थगित केले, असोसिएटेड प्रेसने मात्र ते कायम ठेवले.)

चित्र तिथेच थांबले. मुलगी थांबली नाही. १४ महिने रुग्णालयात काढून आणि १७ शस्त्रक्रिया होऊन ती घरी गेली. पाठीवर आणि डाव्या हातावर जाड वण राहिले. पुढे तिच्या देशाच्या सरकारने तिला प्रचारासाठी वापरले, वारंवार परदेशी पत्रकारांपुढे उभे केले, तिचे वैद्यकाचे शिक्षण तुटले. १९९२ मध्ये तिने कॅनडात आश्रय घेतला. लहानपणी आपल्याला त्या चित्राचा राग येई, लाज वाटे, असे तिने स्वतः लिहिले आहे. नंतर तिने ते चित्र आपलेसे केले. १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकापाशी जाऊन ती अमेरिकी सैनिकांपुढे बोलली आणि पुढच्या वर्षी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी एक संस्था काढली. २०१६ मध्ये फेसबुकने हे चित्र नग्नतेच्या नियमावर काढून टाकले आणि जगभर ओरड झाल्यावर परत ठेवले. म्हणजे झाकावे की दाखवावे हा प्रश्न अजून मिटलेला नाही. आमचे मत विचाराल तर, चित्र दाखवावे, पण नऊ वर्षांच्या मुलीपाशी गोष्ट सोडून देऊ नये. पुढची पन्नास वर्षे सांगितल्याशिवाय ते चित्र अर्धेच राहते.

आपल्याकडे लक्ष्मी अगरवाल हिच्यावर २००५ मध्ये दिल्लीत आम्लहल्ला झाला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिने आपला चेहरा न झाकता न्यायालयात आणि लोकांपुढे जायचे ठरवले. तिच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आम्लाच्या विक्रीवर निर्बंध घातले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आम्लहल्ल्याने विद्रूप झालेल्यांचा समावेश झाला. इथेही चित्र होते, पण ते दाखवायचा निर्णय चित्रातल्या मुलीचा होता.

युद्ध आणि आम्लहल्ला नसतानाही आपल्या शाळांत भाजलेली मुले येतात. स्टोव्ह, उकळते पाणी, दिवाळीतले फटाके, विजेची तार. अशा मुलाच्या कातडीत काय चालले आहे हे शिक्षकाला माहीत असलेले बरे. खोल जखम भरताना शरीर तिथे दाट तंतू विणते आणि ते आकसतात. कोपरात, मानेत, बोटांत वण असला तर सांधा वाकडा होतो. मूल वाढते, पण वण त्या वेगाने वाढत नाही, ताणला जातो. म्हणून एकदा बरे झालेले मूल दोन-तीन वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रियेसाठी गैरहजर राहते. तो आळस नव्हे आणि पहिला उपचार फसला असेही नव्हे. वण जाड होऊ नये म्हणून काही मुलांना अंगाला घट्ट बसणारे खास कपडे दिवसाचे तेवीस तास, कित्येक महिने घालावे लागतात. त्यावर गणवेशाचा आग्रह धरू नये. खोल भाजलेल्या वणात घर्मग्रंथी उरत नाहीत, त्यामुळे वण मोठा असेल तर शरीराची उष्णता बाहेर पडायला अडचण होते. कवायतीच्या तासाला अशा मुलाला सावलीत बसायची आणि वरचेवर पाणी प्यायची मोकळीक असावी. नव्या वणाला ऊन बाधते, तो काळा पडतो.

आणि मूल पहिल्यांदा वर्गात परत येणार असेल त्याच्या आदल्या दिवशी मॅकिंडोने गावाला सांगितले तसे वर्गाला सांगता येते. काय झाले, किती लागले, आता दुखते का, हात लावला तर चालेल का, हे मुलांचे प्रश्न असतात आणि त्यांना सरळ उत्तरे द्यावीत. फक्त त्यातले किती सांगायचे, कोणी सांगायचे, आणि त्या दिवशी कोणत्या बाकावर बसायचे, हे आधी त्या मुलाला विचारून घ्यावे.